चालवून घ्या

वाशीमच्या बाजारात त्यांना सगळे चाखणेसाहेब म्हणत. नव्या माणसाला ते आडनावच वाटे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. खरं आडनाव वेगळं होतं आणि ते फक्त सरकारी लिफाफ्यांवर दिसे. म्युनिसिपल कमिटीचे सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून बाजारात येणारं तेल, तूप, दूध, पीठ तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते काम ते जिभेने करत.

तशी त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात बुचं लावलेल्या बाटल्या, काचेची एक नळी आणि दुधात बुडवायचं यंत्र असे. पण पेटी उघडण्याआधी ते जिन्नस बोटाच्या टोकावर घेत, जिभेवर ठेवत आणि डोळे मिटत. दुकानदार समोर हात बांधून उभा राही. मग डोळे उघडून ते बाजूला जात, तीनदा चूळ भरत आणि निकाल सांगत. यंत्राने नंतर काही वेगळं सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही.

आमच्या घरामागच्या अंगणात दोन खोल्या होत्या, त्यांत ते राहत. बायको फार वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. मूळचे वाशीमजवळच्या मालेगावकडच्या एका खेड्यातले. देवी टोचणारे म्हणून नोकरीला लागले आणि गावोगाव पायपीट करत इन्स्पेक्टर झाले. इंग्रजी त्यांना सहीपुरतं येई. माझे वडील वकील. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते आणि सुट्टीत घरी आले की घरच्यांशीही मला धड बोलता येत नसे. मराठी वाक्य मनात जुळवेपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असे. आलेल्या बायका म्हणत, पोरगी शिष्ट आहे. इन्स्पेक्टरकाकांना तसं वाटत नसावं. ते मला मिससाहेब म्हणत आणि उत्तराची वाट न पाहता पुढे बोलत. त्यामुळे त्यांच्याजवळ बसणं मला सोपं वाटे.

त्यांचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, मीठ आणि ताक. तिखट नाही, पान नाही, तंबाखू नाही. चहासुद्धा नाही. "जीभ कोरी पाह्यजे, मिससाहेब. तुमच्या वहीसारखी. पह्यलेच रेघोट्या असल्या तर त्यावर लिहिन काय?" आमच्याकडचं काही खायला दिलं तर ते नम्रपणे हातात घेत आणि रुमालात बांधून ठेवत. अमावास्येला जिभेची सुट्टी असे. त्या दिवशी ते बाजारात जात नसत, कुणी काही आणलं तरी चाखत नसत. महिनाभराचं सगळं त्या एका दिवशी. हिरव्या मिरच्यांचा ठेचा, जवसाची चटणी, रुमालातला लाडू, सगळं एकाच पानात. डोळ्यांतून पाणी गळे आणि ते जेवत राहत. आई म्हणायची, "इन्स्पेक्टर, पोट बिघडेल." ते म्हणत, "बिघडू द्या, वहिनी. पोटाले कुठं परीक्षा द्यावी लागते."

त्यांच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने दोन उभ्या रेघा मारलेल्या होत्या. त्यामुळे तीन रकाने झाले होते. पहिल्यावर लिहिलं होतं 'चालते', दुसऱ्यावर 'चालवून घ्या', तिसऱ्यावर 'चालत नाही'. बाजारात आलेला प्रत्येक जिन्नस या तिन्हींपैकी कुठेतरी बसे. ज्वारी, तूर, करडईचं तेल, अंबाडीची भाजी चालते. मोहाचं तेल चालवून घ्या. हळदीत कालवलेली पिवळी माती, तिखटात विटेचा भुगा, जिलबीतला हिरवा रंग चालत नाही. आपल्या थोरल्या बहिणीचं लोणचं त्यांनी 'चालवून घ्या'मध्ये टाकलं होतं आणि ती भेटायला आली की त्या ओळीवर टॉवेल वाळत घालत.

रकाने कसे ठरवता, असं मी एकदा विचारलं. मी विचारलेला बहुधा तो पहिलाच प्रश्न असावा, कारण त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"सोपं हाय. खाणाऱ्याले विचारायचं. आज्यानं खाल्लं, बापानं खाल्लं, नातू खाऊन राह्यला अन् सगळ्याइचे हातपाय शाबूत, तर चालते. त्याले माझी सही कायले पाह्यजे? आता दुसरं. वस्तू वाईट नाही, पण आपल्या मुलखात कोणी पोटभर खाऊन पाह्यली नाही. तवा घाई नको. थोडी खा, दुसऱ्यात मिसळून खा, रोज खाऊ नका. म्हंजे चालवून घ्या."

"आणि तिसरा?"

"जे लपवून विकते, ते चालत नाही. लपवणाराले माहीत असते ना, का लपवून राह्यला ते."

मला तो नियम आमच्या शाळेतल्या सायन्सच्या पुस्तकापेक्षा बरा वाटला. मात्र 'चालवून घ्या' हा शब्द मला पुरता कळला नव्हता. आमच्या घरी तो पाहुण्यांना म्हणत. भाजी थोडी खारट झाली आहे, चालवून घ्या. त्यात ताकीद कुठे असते, हे माझ्या कानाला माहीत नव्हतं.

पोहरादेवीच्या जत्रेत ते दरवर्षी जात. एका वर्षी वडिलांचं तिकडे काम होतं म्हणून मीही गाडीत होते. गर्दीत एका हलवायाने पिवळ्याधमक बुंदीचा डोंगर रचला होता. काकांनी एक कळी उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

हलवाई म्हणाला, "केसर हाय, साहेब."

काकांनी डोळे न उघडता विचारलं, "किती टाकलं?"

"भरपूर टाकलं."

"मंग तुह्यं घर विकलं अशीन. इतल्या केसरात वाशीमची अर्धी पेठ येते." त्यांनी चूळ भरली. "कपडे रंगवाचा रंग हाय हा. धोतराले लाव, चांगला चढते."

"लोकाइले पिवळी पाह्यजे, साहेब. पांढरी बुंदी कोण घेईन?"

"म्या घेईन," काका म्हणाले, आणि खरोखरच तिथे बसले. हलवायाने शिव्या पुटपुटत नवा घाणा काढला, बिनरंगाचा. काकांनी पहिला द्रोण घेतला आणि उठून मोठ्याने सांगितलं की ही चालते. भोवतीच्या बायकांनी पांढरी बुंदी घेतली. हलवाई शेवटी हसायला लागला. "साहेब, तुमी दुकानच टाका ना माह्या बाजूले." गाडीत तो द्रोण त्यांनी माझ्या हातात दिला. अमावास्येला अजून तीन आठवडे होते.

त्या 'चालते'ला बाजारात किंमत होती, हे मला त्या दिवशी दिसलं. लोक कागद वाचत नसत. साहेबांनी काय म्हटलं, एवढंच विचारत.

लढाईची वर्षं होती. एका पावसाळ्यात ज्वारी कणसातच काळी पडली आणि पुढच्या उन्हाळ्यात धान्य दिसेनासं झालं. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन कायमची घरी आले होते. सरकारने स्वस्त धान्याचं दुकान उघडायचं ठरवलं. मालेगावच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं, तिथल्या मजुरांना मजुरीत धान्यच मिळायचं होतं. या दुकानात काय काय ठेवायला हरकत नाही, याची यादी कमिटीकडून मागवली गेली. छापील फॉर्म आला, इंग्रजीत. वडील म्हणाले, "आमची मुलगी भरून देईल. कॉन्व्हेंटची आहे."

काका संध्याकाळी फॉर्म आणि आपली मराठी यादी घेऊन आले. शिरपूरकडे कॉलऱ्याची बातमी होती, त्यांना लगेच निघायचं होतं आणि सकाळच्या टपालाने फॉर्म जायचा होता. त्यांनी खाली कोऱ्या जागेवर आधीच सही केली.

"तुमी भरा, मिससाहेब. टांगा येईपर्यंत मी अंगणातच हाय. कुठं अडलं तर हाक मारा."

मी आतल्या मेजाशी बसले. बावीस जिन्नस होते. फॉर्मवर दोनच रकाने होते, फिट आणि अनफिट. वीस जिन्नस भराभर बसले. मोहाचं तेल आणि लाखेची डाळ उरली. लाख म्हणजे लाखोळी, तुरीच्या डाळीसारखी दिसणारी, पण स्वस्त. आमच्याकडे ती फारशी कुणी खात नसे. भंडाऱ्याकडून पोती येणार होती. दोन्हींपुढे काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: चालवून घ्या.

मी शब्दकोश काढला. त्यात तो शब्द नव्हता. अनफिट लिहावं तर ते खोटं होईल, कारण त्यांनी 'चालत नाही' असं लिहिलेलं नाही. मी उठून उंबऱ्यापर्यंत गेले. अंगणात काका होते. तहसिलीतले दोन कारकून, दुकानाचा ठेका घेतलेले शेठ आणि आणखी तिघेचौघे त्यांच्याभोवती उभे होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांची मात्र माझ्याकडे पाठ होती. मला हाक मारायची होती. 'काका' एवढाच शब्द. मी तिथे उभी राहिले, आणि मग आत येऊन लाखेची डाळ फिटमध्ये लिहिली. मोहाचं तेलही.

थोड्या वेळाने टांग्याची घंटा वाजली. "झालं?" त्यांनी बाहेरूनच विचारलं. मी हो म्हटलं.

*

आता किसनबद्दल सांगायला हवं. किसन आमच्याकडे लाकडाची मोळी आणायचा. त्याचं गाव पाच कोसांवर. डोक्यावर मोळी घेऊन तो पाच कोस चालत यायचा आणि पाच कोस परत जायचा. आई त्याला भाकरी द्यायची. ती तो उभ्यानेच खाई. आई रोज म्हणायची, "बस रे, दोन घटका." तो म्हणायचा, "बसलो का पाय जड होतेत, माय. मंग रस्ता लांबते." उंच, काळासावळा माणूस, तिशीही उलटली नसावी. रस्त्याचं काम निघालं तेव्हा तो खडी फोडायला गेला आणि मोळी यायची बंद झाली.

संक्रांतीच्या सुमाराला तो एकदा दाराशी आला. मोळी नव्हती. हातात काठी होती. तो विचित्र चालत होता, टाचा उचलून, चवड्यांवर, गुडघे एकमेकांना घासत. आईला वाटलं, पायाला काटा लागला. काका खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी त्याला अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मग पायरीवर बसवलं आणि त्याची पोटरी दाबून पाहिली.

"कवापासून हाय हे?"

"महिना झाला, साहेब. रात्री गोळे येत होते. आता टाच टेकतच नाही. माह्या संग आणखी चौघाइचं असंच हाय."

"खाता काय?"

"लाख."

"लाख अन् काय?"

"लाखच. वरण लाखाचं, भाकर बी लाखाचीच. मजुरीत तेच भेटते ना, जी. पोळ्यापासून तेच खाऊन राह्यलो."

काका हळू बोलले. "काहून, बाप्पा? म्या तर चालवून घ्या म्हणलं होतं."

किसनने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "दुकानावर कागद लागला हाय, साहेब. शेटजीनं वाचून दाखवला. लाख चालते म्हणे. तुमची सही हाय म्हणे. तुमी म्हणता म्हंजे खायाचं."

काका उठले. काठी उचलून त्यांनी किसनच्या हातात दिली आणि टोपी न घालता बाहेर पडले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दुकानावरून काढून आणलेला कागद होता. माझ्या इंग्रजीवरून कुणीतरी पुन्हा मराठी केलं होतं. फिटचं 'चालते', अनफिटचं 'चालत नाही'. मधलं कुठेच नव्हतं.

ते ओसरीवर आले. कमिटीतून फॉर्मची नक्कलही आणली होती. "वाचा, मिससाहेब."

मी वाचलं. एकविसावी ओळ वाचून थांबले.

"रकाने दोनच होते?"

"हो."

"मले विचारावं वाटलं नाही तुमाले?"

"वाटलं होतं."

"मंग?"

मी खाली पाहत होते. "अंगणात माणसं होती."

मला वाटलं होतं की ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नक्कल घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "सही माझी हाय. कोऱ्यावर केली म्या. कोऱ्यावर सही करणारा इन्स्पेक्टर कसला?"

त्यानंतर त्यांनी मला मिससाहेब म्हटलं नाही. बाई म्हणत. त्यात राग नव्हता. तरी त्या एका शब्दाची उणीव मला रोज जाणवे.

दुसऱ्या दिवसापासून ते खेडोपाडी फिरू लागले. लाख रात्रभर भिजवा, उकळा, ते पाणी फेका, पुन्हा उकळा, मूठभर लाखेत दोन मुठी ज्वारी घाला. लोक ऐकून घेत. एका म्हातारीने त्यांना विचारलं होतं, "दोन मुठी ज्वारी असती तर लाख कायले खाल्ली असती, बाबा?" हे त्यांनी आम्हाला जेवायच्या वेळी सांगितलं आणि हातातली भाकरी खाली ठेवली.

वर पत्रं लिहायची ती मीच लिहिली. आता मी प्रत्येक शब्द विचारून लिहीत होते. उत्तर आलं, सदर जिन्नस आपल्याच कार्यालयाने योग्य ठरवला आहे, तरी खुलासा करावा. आम्ही खुलासा केला. मग आलं की मजुरांच्या पायांचं दुखणं लाखेमुळेच आहे याला पुरावा काय, ओलाव्याने किंवा दुसऱ्या रोगाने असू शकेल. किसन आणि इतर चौघांची नावं आम्ही कळवली. त्यावर काही आलं नाही.

तेव्हा काकांनी ठरवलं. ते आईकडे लाखेचं एक पोतं घेऊन आले. त्यांचं पीठ आमच्याच जात्यावर दळलं जाई.

"वहिनी, आता ज्वारी नको. हे दळत जा."

वडील ओसरीवरून म्हणाले, "इन्स्पेक्टर, हे काय खूळ?"

"वकीलसाहेब, मजुराच्या पायाले पुरावा म्हणत नाहीत. सरकारी नोकराचे पाय वाकडे झाले तर म्हणतीन. अन् तसं बी, खाणाऱ्याले विचारायचा आपला नियम हाय. आता मीच खाणारा."

"आणि खरंच काही झालं तर?"

"झालं पाह्यजे ना. त्याच्यासाठीच तर हाय."

ते दोन्ही वेळा लाखेची भाकरी खाऊ लागले. अमावास्येलाही. जिभेची सुट्टी बंद झाली. रोज सकाळी ते तुळशीपासून विहिरीपर्यंत चालून पाहत आणि मला विचारत, "टाच टेकली, बाई?" मी हो म्हणे. असं म्हणताना मला आनंद व्हायचा आणि त्यांचा चेहरा पडायचा. पहिला महिना गेला, दुसरा गेला. किसनच्या हातात एकाच्या जागी दोन काठ्या आल्याचं कळलं. काकांची टाच टेकत राहिली.

भर उन्हाळ्यात वरचे साहेब चौकशीला आले. वडिलांनी त्यांना आमच्या ओसरीवर बसवलं. मी दाराच्या आत, भिंतीला लागून उभी होते. साहेब आपल्यापैकीच होते, मराठी बोलत, पण शब्दांच्या टोकांना इंग्रजीची कड होती.

"फॉर्म तुमच्या हातचा नाही. कुणी लिहिला?"

"म्या सांगतलं तसा लिहिला जी," काका म्हणाले.

"फिट तुम्ही सांगितलं?"

"हाव जी. म्याच."

"लिहिणाऱ्याची काही चूक?"

"लिहिणाऱ्याचा काही संबंध नाही, साहेब. सही माझी हाय."

ओसरी आणि मी यांच्यामध्ये एक दार होतं, तेही उघडं. दोन पावलं टाकली असती तर मी बाहेर असते. मी मोजून पाहिली होती, दोनच होती.

साहेबांनी कागद उलटला. "तुम्ही स्वतः ही डाळ खाता असं कळलं."

"तिसरा महिना हाय, साहेब. दुसरं काही खात नाही."

"मग चाला पाहू."

काका अंगणात उतरले. तुळशीपासून विहिरीपर्यंत गेले, वळले, परत आले. सरळ. दोन्ही टाचा मातीत उमटल्या. माणूस नीट चालतो आहे आणि मान खाली घातलेली, असं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. साहेबांनी काही ओळी लिहिल्या आणि जाताना वडिलांना इंग्रजीत म्हणाले की इन्स्पेक्टर तीन महिने हीच डाळ खाऊन ठणठणीत आहेत, म्हणजे प्रश्नच मिटला. त्यांनी अहवालातही तेच लिहिलं. काकांचे पाय लाखेच्या बाजूने साक्षीला गेले.

साहेबांचा टांगा गेल्यावर काका पायरीवर बसले होते. आई स्वयंपाकघरातून आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"इन्स्पेक्टर, मला बोलायचं आहे," ती म्हणाली. "मी तुमच्या पिठात ज्वारी मिसळत होते. पहिल्या दिवसापासून. आमच्या घरच्या डब्यातली. तुमचे पाय जाताना मला बघवलं नसतं."

काकांनी वर पाहिलं. "किती मिसळत होत्या, वहिनी?"

"निम्मी. कधी जास्त. आणि लाख भिजवून, पाणी टाकून, वाळवून मग दळत होते. तुम्हीच गावात सांगत होतात ना तसं."

"चव कळली नाही मले," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "मले चव कळली नाही."

कदाचित ती त्यांना कळली असेल. आजही मला ते ठरवता येत नाही. एवढी जीभ, तिला निम्मी ज्वारी कळू नये? की कळत होती आणि कुणीतरी आपल्यासाठी इतकं करतं आहे, हे त्यांनी चालवून घेतलं?

ते उठले आणि खोलीत गेले. मी मागोमाग गेले. ते दारासमोर उभे होते, मधल्या रकान्यात 'लाख' लिहिलेल्या जागी बोट ठेवून.

"पाहा, बाई. मिसळून खाल्ली तर काही होत नाही. म्हंजे म्या बरोबर लिहिलं होतं." त्यांनी बोट काढलं. बोटाला खडू लागला होता. "लिहिलं तर बरोबरच होतं."

लाख कुणी बंद केली नाही. पुढच्या वर्षी ज्वारी चांगली आली आणि लोकांनी लाख खाणं आपोआप सोडलं. रस्ता पुरा झाला. काकांना मुदतीआधी पेन्शन घ्यायला सांगितलं गेलं आणि त्यांनी घेतली. खोली सोडताना त्यांनी दार ओल्या फडक्याने पुसलं, रेघासुद्धा ठेवल्या नाहीत. आईने बांधून दिलेले लाडू या वेळी त्यांनी रुमालात ठेवले नाहीत. एक तिथेच उभ्याने खाल्ला. "चांगला झाला, वहिनी," एवढंच म्हणाले. मला काहीतरी सांगायचं होतं. टांग्याजवळ चार माणसं होती. मी ओसरीवरून हात जोडले.

दोन वर्षांनी मालेगावहून त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं. ते गेले होते. शेवटी जेवणच सोडलं होतं, असं त्यात होतं. कशाला चव नाही म्हणत.

*

किसन अजून येतो. कुणाच्या तरी बैलगाडीतून बाजारापर्यंत येतो आणि तिथून आमच्या दारापर्यंत दोन्ही हातांवर भार देत, सरकत. तळहातांना चिंध्या बांधलेल्या असतात. आता तो पायरीवर बसतो. आईला 'बस' म्हणावं लागत नाही.

मागच्या पंधरवड्यात तो आला तेव्हा अंगणात पुष्कळ माणसं होती. वडिलांचे पक्षकार, धुणं घेऊन आलेली बाई, शेजारच्या काकू. मी उंबऱ्यात होते. मग ती दोन पावलं टाकली आणि अंगणात उतरले. किसनच्या शेजारी, खालच्या पायरीवर बसले. शेजारच्या काकू बोलायच्या थांबल्या.

"किसन," मी म्हटलं, "लाखेचा तो कागद साहेबांनी लिहिला नव्हता. त्यांनी वेगळं लिहिलं होतं. मी चुकीचं लिहिलं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. तळहाताची चिंधी त्याने सोडली आणि पुन्हा बांधली.

"तुमी?" तो म्हणाला. "तुमी तर तवा पोरसवदा होत्या, बाई."

"तरी मीच."

"साहेब मले भेटायले आले होते. जायच्या आधी. घरी आले होते माह्या." तो थांबला. "पाया पडले, जी. इतला मोठा माणूस. म्हणे, माही चूक झाली. तुमचं नाव नाही काढलं त्याइनं."

आम्ही दोघं त्याच्या पायांकडे पाहत होतो. मग आई आतून आली. तिच्या हातात भाकरी होती, वर जवसाची चटणी.

"सकाळची आहे रे, किसन," ती म्हणाली. "कोरडी झाली आहे. चालेल का?"

किसनने दोन्ही हात पुढे केले.

"चालते, माय," तो म्हणाला.